समुद्रावर माझी ठरलेली जागा

तिरोडीहून निघालो तेव्हा डोमाजी स्टेशनवर पोचवायला आला होता. डोमाजी आणि मी एकाच खाणीत जन्म काढला. आता त्याच्या तोंडात दात नाहीत, पण तोंड थांबत नाही.

"काहून गा, म्हातारपणी समुद्रात बुडाले चालला?"

"बुडाले नाही, जेवाले चाललो. पोरगा नेऊन राह्यला."

"जेवाले एवढ्या दूर? माझ्या घरची लाखोरीची डाळ संपली का काय?"

डब्यातले लोक हसले. पण मी थट्टा करत नव्हतो. मी खरोखर जेवायलाच चाललो होतो, आणि त्या जेवणावर माझं घर टांगलेलं होतं. ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे. शोभेचं लिहिता येत नाही. जे झालं ते लिहितो.

माझा मुलगा प्रशांत पुण्याला कंपनीत आहे. त्याची माय गेल्यापासून त्याचं एकच, "बाबा, तिरोडीचं घर बंद करा आन इकडे या." मी दोनदा राहून आलो. घर चांगलं, अकराव्या मजल्यावर, नळाला चोवीस तास पाणी. पण त्या घरात जेवायला वेळ नाही. प्रशांत कॉम्प्युटरसमोर जेवतो, नात पूर्वा मोबाइलसमोर, आणि सून माया कधी जेवते ते कोणालाच ठाऊक नाही. मी ताट घेऊन एकटा बसायचो. एकट्यानेच जेवायचं तर तिरोडी काय वाईट आहे?

मग चौघांनी चार रात्रींच्या जहाजाच्या सहलीला जायचं निघालं. तिकीट काढताना प्रशांतने फोन केला. "बाबा, तिथं रातच्या जेवणाचे दोन प्रकार असतात. एकात वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं, वाढणारा माणूसही ठरलेला. रोज तिथंच बसायचं. दुसऱ्यात आपली मर्जी. कवाही जा, कुठंही बसा. आपण मर्जीचं घेऊ. आजकाल सगळे तेच घेतात."

"पह्यलं घे."

"तुमाले कटकट होईल ना पण."

"पह्यलं घे म्हणलं ना. आन ऐक. चारही सांजा तुमी तिघं माझ्यासंग त्या टेबलावर जेवले, तं मी घराले कुलूप लावून पुण्याले येतो. एक सांज जरी चुकली, तं पुन्हा पुण्याचा विषय काढाचा नाही."

"हौ," तो म्हणाला.

हा हट्ट कुठून आला म्हणाल, तर खाणीतून. दुपारी सुरुंग उडवायच्या आधी भोंगा व्हायचा, सगळे आडोशाला पळायचे. धूळ बसली की टिनाच्या शेडखाली डबे घेऊन बसायचं. प्रत्येकाची जागा ठरलेली. खांबाशी मी, माझ्या बाजूला डोमाजी, असे पुढे सगळे. आणि आमच्या टोळीत रीत अशी होती की एकही जागा रिकामी असेल तर कोणी डबा उघडायचा नाही. भूक कितीही लागो. एका दुपारी कोपऱ्यातली जागा रिकामी दिसली. आम्ही डबे तसेच ठेवून धावलो. आमचा जोडीदार ढिगाऱ्यात कमरेपर्यंत अडकला होता. काढला, आणि पुढे नातवंडं खेळवून मेला. जो जिथे वाटेल तिथे जेवत असता, तर कोणाच्या ध्यानात आलं असतं? ठरलेल्या जागेची किंमत मला कोणी शिकवू नये.

गोंदियाहून गाडी बदलून मुंबई, तिथे पुण्याहून आलेली तिघं भेटली, आणि तिथून बंदर. जहाज पाहिलं तेव्हा मला आधी ते जहाज वाटलंच नाही. वाटलं, मागे एखादी सरकारी इमारत उभी आहे. मग त्या इमारतीच्या खालून पाणी दिसलं. पूर्वा म्हणाली, "आजोबा, घाबरू नका हं." मी म्हटलं, "मी जमिनीच्या खाली उतरून काम केलं पोरी. हे तं वरून चालते."

संध्याकाळी साडेसहाला आम्ही जेवणाच्या दालनात गेलो. दालन एवढं की त्यात आमच्या वॉर्डातली चार लग्नं एकाच वेळी लागतील. आमचं टेबल सहा जणांचं, खिडकीशी. तिथे जामनगरचं एक जोडपं आधीच बसलेलं होतं, मनुभाई आणि सरलाबेन. दोघंही माझ्याच वयाची. वाढणारा गोव्याचा, मार्टिन नावाचा, पन्नाशीचा, टक्कल पडलेला माणूस. त्याने माझी खुर्ची मागे ओढली आणि हिंदीत म्हणाला, "अंकल, आजपासून ही जागा तुमची. इथे दुसरं कोणी बसणार नाही."

असं मला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. माझ्या बापाच्या काळात गावजेवणात आमच्या लोकांची पंगत कुठे बसायची ते आपल्याकडच्या लोकांना वेगळं सांगायला नको. मी खुर्चीवर ऐसपैस बसलो.

जेवण तुकड्यातुकड्याने येतं. आधी सूप, म्हणजे वरणाचं वरचं पाणी. ते प्यायलो की बशी नेतात. मग थोडा पाला. मग ती बशीही नेतात. मी मार्टिनला विचारलं, "भाऊ, जेवण कधी सुरू होणार?" सरलाबेन इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. शेवटी भात आणि मासा आला. काटे-चमचे बाजूला सारून मी हाताने जेवलो. ते पाहून मनुभाईंनीही चमचा ठेवला आणि म्हणाले, "अब मजा आयेगा." पहिली सांज पार पडली.

दुसऱ्या दिवशी गोवा. किनाऱ्यावर उन्हात माणसं अंथरलेली होती, जसे आपण पापड वाळत घालतो. संध्याकाळी मी वेळेवर टेबलाशी गेलो. मनुभाई होते, सरलाबेन होत्या. माझी तिघं नव्हती.

सूप आलं. मी चमचा उचलला नाही. मनुभाईंनी कारण विचारलं, मी खाणीची रीत सांगितली. दोघांनीही चमचे खाली ठेवले. गुजरातची माणसं, माझी ना गोताची ना गावची, पण थांबली. सूप थंड झालं. मार्टिन दोनदा येऊन गेला.

"अंकल, सुरू करा. किचनला पुढच्या वेळेची तयारी असते."

"माझी तीन माणसं कमी आहेत."

"येतील हो."

"सकाळी किनाऱ्यावर उतरली होती. परत जहाजावर चढताना मी डोळ्यांनी पाहिली नाहीत. तीन माणसं कमी आहेत, हे तुमच्या साहेबाला सांग."

मार्टिनचा चेहरा उतरला. समुद्रावर माणूस कमी आहे म्हटल्यावर तिथे कोणी हसत नाही. तो धावत गेला, पांढऱ्या गणवेशातला एक साहेब आला, माझ्याकडून नावं विचारून घेतली. आणि पाचच मिनिटांत साऱ्या जहाजावरचे भोंगे बोलायला लागले. प्रशांत, माया, पूर्वा, तिघांची नावं, आडनावासकट, आधी इंग्रजीत, मग हिंदीत. वरच्या मजल्यापासून खालच्या मजल्यापर्यंत.

तिघंही जिवंत होती. प्रशांत वरच्या मजल्यावर कॉफी घेऊन फोनवर मीटिंग करत होता. माया पूर्वाला घेऊन जादूच्या खेळाला बसली होती. प्रशांत दालनात आला तो लाल होऊन.

"बाबा, साऱ्या जहाजात आमची इज्जत काढली तुमी! अर्धा घंटा उशीर झाला तं काय आभाळ पडलं? लोक तिकडे मोबाइलवर फोटो काढून राह्यले माझे!"

"फोन तं तुह्या हातातच होता. सांगता नाही आलं?"

"मीटिंग होती!"

"मंग मीटिंगनं जेवू घालावं तुले. सांज चुकली. विषय संपला."

तो तसाच उलटा फिरला, आणि दाराशी आलेल्या माया-पूर्वाही त्याच्यामागे गेल्या. मी सूप प्यायलो, थंडगार. मी केलं ते चुकीचं होतं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आताही वाटत नाही.

तिसऱ्या दिवशी लक्षद्वीप. जहाज लांब थांबतं आणि लहान होड्यांनी बेटावर नेतात. तिथलं पाणी म्हणजे मोरचूद (पिकावर फवारतात तो निळा खडा) बादलीत विरघळवल्यासारखं. खालची वाळू दिसते, आपल्या होडीची सावली वाळूवर चालताना दिसते. बेटावरच्या एका म्हाताऱ्याने शहाळं फोडून दिलं आणि वाळवलेल्या माशाचा तुकडा पुढे केला. "चाचा, खा के देखो." मी खाल्ला. लाकडासारखा कडक, पण चघळला की चव सुटते. आमच्याकडच्या सुकटीचा (वाळवलेल्या मासळीचा) मोठा भाऊच तो. प्रशांत दूर, दुसऱ्या झाडाखाली बसला होता. सकाळपासून माझ्याशी एक शब्द बोलला नव्हता.

माया माझ्याजवळ येऊन बसली. ही पोर उमरेडकडची. बोलते कमी.

"बाबा, राग आहे का अजून?"

"तुह्यावर नाही."

"काल भोंग्यावर माझं नाव आलं ना, हे चिडले. पूर्वाले लाज वाटली." ती वाळूत बोट फिरवत राहिली. "मले बरं वाटलं."

मी तिच्याकडे पाहिलं.

"मी रोज ओट्यापाशी उभी राहून जेवते, बाबा. ऑफिसातून आली की पोळ्या, मग पूर्वाचं ताट, मग ह्यांचं ताट. मग उरलं ते मी. मी जेवली का नाही, हे आजवर कोणी विचारलं नाही. काल एक म्हातारा माणूस माझ्यासाठी ताट थंड करून बसला, साऱ्या जहाजाले कामाले लावलं त्यानं." मग ती एकदम म्हणाली, "या ना पुण्याले. तुमची सेवा करीन, असं नाही म्हणत मी. माझ्यासाठी या. तुमी आले तं घरात जेवाची वेळ होईल."

आता माझी पंचाईत झाली. जायचं नाही म्हणून मी अट घातली होती, आणि अट मी जिंकलोही होतो. दिलेला शब्द फिरवायची मला सवय नाही. मी शहाळ्यातली मलई खरवडून तिला दिली.

त्या सांजेला माया आणि पूर्वा वेळेवर आल्या. प्रशांतची खुर्ची रिकामी. मार्टिनने मला खालच्या आवाजात सांगितलं की प्रशांतसाहेब वरच्या मजल्यावर मर्जीच्या जेवणात दिसले, एकटेच. म्हणजे माणूस सापडला. मग मी घास घेतला, आणि माझ्यामागे सगळ्यांनी.

चौथा दिवस पूर्ण समुद्रात. चारी बाजूला पाणीच. पाहायला काही नाही, म्हणून माणसं एकमेकांना पाहतात. संध्याकाळी आम्ही पाच जण बसलो होतो. तेवढ्यात दाराशी गडबड दिसली. प्रशांत उभा होता, अर्ध्या चड्डीत. दारावरचा माणूस त्याला आत सोडत नव्हता. इथे अर्धी चड्डी चालत नाही, कपडे बदलून या म्हणे. आणि दार बंद व्हायची वेळ झालेली. खोली सात मजले खाली.

मी उठलो. माझ्या खांद्यावर दुपट्टा (आपला नेहमीचा मोठा पंचा) होता, तो काढला आणि दारातच त्याच्या कमरेला लुंगीसारखा गुंडाळला, गाठ मारली. दारावरच्या माणसाला म्हटलं, "ये हमारा ड्रेस है." तो वरपासून खालपर्यंत पाहत राहिला, मग बाजूला झाला.

"काहून आला?" मी चालता चालता प्रशांतला विचारलं. "अट तं तुटली."

"सकाळी मनुभाईनं इचारलं, काल तब्येत बरी नव्हती का. सरलाबेननं लिफ्टमधी इचारलं. दुपारी तो मार्टिन भेटला, त्यानंही तेच. दिवसभर जो भेटला तो तेच." तो लुंगी सावरत होता. "ऑफिसात मी रोज एकटा जेवतो, बाबा. नाही जेवलो तरी कोणाले पता नाही लागत."

मनुभाईंनी त्याला पाहून टेबलावर थाप मारली. "आ गया! चलो भाई, भूख लगी है!" सरलाबेन त्या लुंगीकडे पाहून हसत सुटल्या. मार्टिनने सूप आणलं, गरम.

मी चमचा उचलायच्या आधी म्हटलं, "मी पुण्याले येतो."

प्रशांत म्हणाला, "पण तुमीच तं म्हणलं होतं, एक सांज चुकली तं..."

"अट माझी होती. मीच घातली, मीच काढून राह्यलो. तुह्या परवानगीची गरज नाही. आता नवी ऐक. घरात सगळ्यांचं जेवण एका वेळी, एका जागी. वेळ मी नाही सांगणार. वेळ माया सांगेल, ती ऑफिसातून कवा येते त्यावर."

मायाने आधी पूर्वाकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "साडेआठ," ती म्हणाली. "आन पोळ्या हे लाटतील."

"मी?" प्रशांत म्हणाला.

"हौ. वाकड्या झाल्या तरी चालते."

परत तिरोडीला उतरलो तेव्हा डोमाजीने पहिला प्रश्न केला, समुद्र कसा होता. मी सांगितलं, मोठा होता. आल्यापासून लोक विचारतात की जहाजावर कोणतं जेवण चांगलं, ठरलेलं की मर्जीचं. तर ऐका. मर्जीचं जेवणही चवीला तेच असतं, एकाच चुलीवर शिजतं. ज्याला घाई आहे, ज्याला लहान लेकरू आहे, त्याने खुशाल ते घ्यावं. पण मर्जीच्या जेवणात तुम्ही आला नाही तर तुमच्या खुर्चीवर दुसरा बसतो आणि काम चालू राहतं. ठरलेल्या टेबलावर तुमची खुर्ची रिकामी राहते, आणि रिकामी खुर्ची बोलते. मी तर पुढच्या वेळीही तेच घेईन.

घर आवरणं चालू आहे. परवा प्रशांतचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर हळूच म्हणाला, "बाबा, साडेआठचं ठीक आहे. पण एखाद्या दिवशी मीटिंगच असली तं?"

"तं मीटिंगमधल्या लोकायले सांग," मी म्हटलं, "का घरी चार ताटं वाढलेली आहेत आन एक म्हातारा उपाशी बसला आहे. तो हटणार नाही."