जब्बार मनियाराची जोडी

चिखलीचा जब्बार मनियार तट्टावर पेटारी लादून गावोगाव फिरायचा आणि बायापोरींच्या हातात बांगड्या भरायचा. इथवर ठीक. पण त्याला एक खूळ होतं, काचेच्या फुलदाण्यांचं! कुठल्या साहेबाची बदली झाली, बंगल्यात लिलाव निघाला, की हा हजर. त्याच्या भारी बांगड्या बोहेमिया नावाच्या मुलखातून मुंबईला उतरायच्या. फुलदाणीही त्याला तिथलीच हवी. आधी बूड घासून गुळगुळीत केलंय का ते बोटानं चाचपायचं, मग उन्हात धरायची. वरचा लाल थर नक्षीत कापून आतली पांढरी काच उघडी केलेली दिसली, की स्वारी खूश! बायको खुर्शीदा म्हणायची, "फूल तं कधी आणलं नाई, नुसत्या फुलदाण्या!"

त्यातली एक त्याचा जीव की प्राण. लाल, आणि गळ्याशी सोनेरी वेल. असल्या फुलदाण्या जोडीनं येतात हे त्याला ठाऊक. पण दाढी पिकली तरी हिची जोड काही मिळेना.

आणि सापडली कुठं? रोहिणखेडला, रुखमाबाई पाटलिणीच्या ओसरीत! कुण्या साहेबानं त्यांच्या सासऱ्यांना दिलेली. कोनाड्यात दिव्याशेजारी, वाती ठेवायला. काजळीनं काळी ठिक्कर. जब्बारनं बाहीनं हलकेच पुसलं. सोनेरी वेल शाबूत!

"माय, इची जोड माह्या घरी हाय. हे मले द्या. लेकीच्या लग्नाचा चुडा माह्याकडून."

"न्या की! पण आज नाई. असं काळं भांडं कोणाले देतात का? पुढच्या बाजाराले या."

तोवर त्याला ना अन्न गोड लागलं, ना झोप. फळीवर जागासुद्धा करून ठेवली.

रुखमाबाई शब्दाच्या पक्क्या. भांडं रितं देऊ नये म्हणून तूरडाळ भरून दिलं. आणि त्याआधी पितळ घासतात तसं राख नि चिंच घेऊन स्वतः खसाखसा घासलं. लाल काच कशी झळझळत होती! गळ्याशी सोन्याचा कण उरला नव्हता.

जब्बारच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. रुखमाबाईंना वाटलं, आनंदाचं. त्या माउलीला सांगणार तरी काय? "लई चांगली निघाली, माय," म्हणाला आणि तट्टू हाकललं. वाटभर रडला बिचारा.

लग्नात चुडा भरायला गेला, तेव्हा रुखमाबाईंनी विचारलंच, "काय हो जब्बारभाऊ, जोडीत शोभते ना आमची?"

"तुमचीच उजळ दिसते, माय."

रुखमाबाई खुलल्या. "म्हंजे तुमची कोणी घासतच नाई! आणा तिलेबी. अश्शीच करून देते!"