सुतकातले तळण

चौथीच शिकले, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका आणि वाकडे अक्षर माफ असावे.

आज दादरला बेकरीपुढे फुगलेल्या पिठाचा वास आला आणि पाय थांबले. माझे यजमान वारले ते वर्ष आठवले. त्यांना जाऊन तिसरा दिवस होता, एकतीस डिसेंबर. मी एका डच बाईंकडे स्वयंपाक करायचे. यजमानांच्या दवाखान्यासाठी त्यांच्याकडूनच पैसे उचलले होते. नव्या वर्षाला त्यांच्यात फुगवलेल्या पिठाचे, मनुके घातलेले गोळे तळतात.

"सुतकात तळण करतेस?" सासूबाई म्हणाल्या.

"आपल्या घरात नाही करत," म्हणत मी निघाले.

शंभर गोळे तळले, वर पिठीसाखर भुरभुरली.

"एक तरी खा," बाई म्हणाल्या.

"उपास आहे."

यजमान गेल्याचे खरे सांगितले असते तर त्यांनी मला घरी पाठवले असते. तेव्हा त्याचीच भीती होती, आता वाटते तेच व्हायला हवे होते. संध्याकाळी त्या कामाच्या मजुरीत दवाखान्यासाठी बाईंकडून उचललेले, फेडायचे उरलेले सगळे पैसे फिटले.