रिकाम्या पाच फायली

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, फौजेतून परत आलेल्या थोरल्या भावाला नाही. एकदा सांगायला तोंड उघडलं होतं, पण भलतंच काही बोलून गप्प बसलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असाल — तर ज्याला ओळखता तो माणूस थोडा वेगळा आहे, एवढं धरून चाला.

गेलं शतक संपायला वर्ष-दीड वर्ष उरलं होतं. साताऱ्याच्या एका तंत्रनिकेतनात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळत होतो. तिथं एक लिनक्सचं मशीन होतं आणि त्यावर कॉलेजची वेबसाइट. त्या काळात गावात वेबसाइट म्हणजे काय ते दहा जणांना ठाऊक असेल, आणि त्या दहांत मी पहिला — असा माझा समज होता. मशीनचा मुख्य पासवर्ड फक्त माझ्याकडं होता. तो मी कुणाला दिला नाही.

माझ्या हाताखाली भास्कर होता. वडूजकडचा, बौद्ध घरातला. त्याच्या आज्यानं छप्पन साली दीक्षा घेतली होती. वयानं माझ्याहून सहा वर्षांनी मोठा, पण नोकरी हंगामी. मी त्याला अरे-तुरे करायचो, तो मला सर म्हणायचा. विभागात बाकी सगळ्यांना मी अहो-जाहो करत होतो, हे माझ्या कधी लक्षात आलं? खरं सांगतो — आलं होतं. तेव्हाच.

मशीनचं थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. वेबसाइटचं पान कुणीही उघडलं की मशीन एका फाईलमध्ये एक ओळ लिहितं — कुठल्या मशीनवरून उघडलं, कधी, कुठलं पान. ही लॉग फाईल. ती वाढतच जाते, म्हणून तिला दर आठवड्याला मागं सरकवावं लागतं. मी त्यासाठी आठ-दहा ओळींची स्क्रिप्ट लिहिली होती. दर रविवारी सकाळी चालू फाईल पहिल्या नंबरवर जायची, पहिली दुसऱ्यावर, दुसरी तिसऱ्यावर, तिसरी चौथ्यावर. चौथी पुसली जायची. नव्या आठवड्याला नवी कोरी फाईल. डिस्क कधी भरायची नाही.

ती स्क्रिप्ट मी बंद केली.

का? डिसेंबरात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा होता. चेअरमनसाहेब पाहुण्यांसमोर वेबसाइट दाखवणार होते, आणि ‘आजवर इतक्या वेळा पाहिली गेली’ असा आकडा मला सांगायचा होता. जुन्या फायली पुसल्या गेल्या तर आकडा घटणार. बरं, एवढ्यावर मी थांबलो? लॅबमधल्या वीस मशीनवर कॉलेजचं पान दर पाच सेकंदाला आपोआप उघडत राहील, अशी सोय मी करून ठेवली. मशीन मुकाट ओळी लिहीत राहिलं. तीन महिने. जगभरातून आपल्याला बघतात, असं मी स्टाफरूममध्ये सांगत होतो, आणि बघत होती फक्त आमच्याच लॅबमधली यंत्रं.

भास्करनं ते पकडलं. एके दिवशी सगळे गेल्यावर माझ्या टेबलाशी आला.

“सर, फाईल लय मोठी व्हायला लागलीया. रविवारची सरकतच न्हाई. आन् ओळी समद्या आपल्याच लॅबच्या हायत्या.”

मी म्हणालो, “तू तुझे फोटो बघ.”

तो गेला. परत त्यानं विषय काढला नाही. कुणापाशीच नाही.

त्याचे फोटो म्हणजे काय होतं, तेही ऐका. मेळाव्यासाठी जुन्या विद्यार्थ्यांची पानं करायचं काम त्याच्याकडं होतं. सुट्टीच्या दिवशी तो एसटीनं जायचा — खंडाळ्याला, कोयनानगरला, कुठं कुठं. कोयनेच्या वीजघरात लागलेला कुणी, वर्कशॉप काढलेला कुणी. त्यांच्या घरी बसून फोटो मागून आणायचा, स्कॅन करायचा, आणि परत नेऊन द्यायचा. पोस्टानं पाठवायचा नाही. मोडेमवर पान उघडायला वेळ लागू नये म्हणून प्रत्येक फोटो इतका लहान करायचा, की सगळे मिळून डिस्कच्या कोपऱ्यातही दिसले नसते. मला ते माहीत होतं. हे लक्षात ठेवा — मला माहीत होतं.

मेळाव्याच्या दिवशी, गुरुवारी, चेअरमनसाहेबांनी पाहुण्यांसमोर नोंदणीच्या पानावर स्वतःचं नाव टाइप केलं आणि बटण दाबलं. पडद्यावर एरर. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. डिस्कवर एक अक्षर लिहायला जागा उरली नव्हती. पाहुण्यांत कुणीतरी हसलं. चेअरमनसाहेबांनी माझ्याकडं नुसतं पाहिलं.

आणि मी — विचार करायला क्षणसुद्धा न घेता — म्हणालो, “भास्करनं मोठमोठे फोटो चढवलेत, साहेब. त्यानं भरली डिस्क.”

लगेच पटलं सगळ्यांना. माझ्या बोलण्यात असं काय होतं? काहीच नव्हतं. त्याचं नाव पुरलं.

पाहुणे जेवायला गेले. मला तासभर मिळाला. लॅबला आतून कडी लावली, नव्या ओळी येऊ नयेत म्हणून नेटवर्कची वायर काढली, आणि ती रविवारची स्क्रिप्ट हातानं चालवली. ती प्रचंड फाईल पहिल्या नंबरवर गेली. परत चालवली, दुसऱ्यावर. तिसऱ्यावर. चौथ्यावर. पाचव्या वेळी ती गेली. तीन महिन्यांचं माझं सगळं खोटं, स्वतःच्या हातानं एक एक पायरी खाली ढकलत बाहेर काढलं. एकदम पुसता आली असती ना? आली असती. पण पुसली असती तर मी पुसली असं झालं असतं. असं केलं म्हणजे मशीननं आपलं नेहमीचं काम केलं. त्या घाईतही मला हे सुचलं, बघा.

मग मी भास्करचे फोटो पुसले. त्यांची गरज नव्हती. डिस्क तर मोकळी झालीच होती. पण फोटो काढले आणि मशीन चालू झालं, असं म्हणता यायला हवं होतं. मी काय लिहितोय ते मला कळतंय — माझं वाक्य खरं व्हावं म्हणून मी ते पुसले. दुसरी प्रत नव्हती. प्रत ठेवायला त्याला जागा मीच दिली नव्हती.

जेवणानंतर चेअरमनसाहेब, प्राचार्य आणि हेडक्लार्क लॅबमध्ये आले. भास्कर दाराशी उभा होता. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, माझे फोटो लहान हायती. डिस्क कशानं भरली ते मशीनच सांगंल. लॉग बघा.” मग माझ्याकडं वळून, “सर, तुमीच दाखवा की.”

त्यानं लॅबमधल्या खोट्या ओळींचा शब्द काढला नाही. मला संधी देत होता तो. मी खुर्चीतून उठलो आणि म्हणालो, “तूच बघ. बस.”

तो बसला. यादी काढली. पाच फायली. पाचही रिकाम्या. पाचांवरही आजचीच तारीख. तो पडद्याकडं बघत राहिला. मी त्याच्या मागं उभा होतो, मला त्याची मान दिसत होती. त्याला कळलं ते मला तिथूनच कळलं.

“सर,” तो म्हणाला, “आज रविवार न्हाई.”

एवढंच. आमच्या दोघांशिवाय त्या खोलीत ते कुणालाही समजलं नाही. आणि मी काय केलं? हसलो. चेअरमनसाहेबांकडं बघून म्हणालो, “बघा साहेब, आता याला रविवार आठवला.”

हेडक्लार्कला तेवढंच पुरे झालं. “का रं गड्या? मटणाचा बेत हुकला व्हय? तुमच्यात रविवार लय मानत्यात जणू!”

सगळे हसले. प्राचार्यही. ‘तुमच्यात’ हा शब्द सगळ्यांनी ऐकला होता. भास्कर उठला, खुर्ची आत सरकवली आणि गेला. मार्चअखेर त्याचं हंगामी संपलं, ते पुढं वाढवलं नाही. त्या साली त्याला कायम करायचं ठरत आलं होतं. बायको, दोन मुली, साताऱ्यात भाड्याची खोली — ते सगळं आवरून तो वडूजला परत गेला, असं शिपायानं सांगितलं. त्याची जागा भरायची होती, मी एक नाव सुचवलं. माझ्या आत्याच्या दिराचा मुलगा.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल — घाबरला होता, नोकरी जाईल म्हणून घाबरला. इथवरचं मी कधीतरी कुणाला सांगितलंही असतं. भित्र्या माणसाला लोक माफ करतात. म्हणूनच पुढचं लिहितोय.

वर्षभरानं मला सांगलीला बढती मिळाली. मोठं कॉलेज, मोठा विभाग, स्वतंत्र केबिन. साताऱ्याचं कुणालाही काही आठवत नव्हतं. मिरज रस्त्यावरच्या एका छापखान्याच्या मालकांचा एक दिवस सकाळी फोन आला. फोटो स्कॅन करायला, पानं लावायला माणूस हवा होता त्यांना. भास्कर येऊन काम दाखवून गेला होता. अर्जात आधीचे साहेब म्हणून त्यानं माझं नाव लिहिलं होतं. दुसरं कुणाचं लिहिणार होता?

“आवं सर, हात लय चांगला हाय बगा त्याचा,” मालक म्हणाले. “सोमवारपास्नं ये म्हणून सांगणारच हाय. म्हटलं, एकडाव तुमास्नी इचारावं.”

माझ्यावर कुणाची नजर नव्हती. लपवायला काही शिल्लक नव्हतं. मी नुसतं ‘घ्या’ म्हणायचं होतं. तो सांगलीत आला असता, बाजारात कधी समोर दिसला असता. ते मला नको होतं. याहून मोठं कारण मी पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

मी म्हणालो, “माणूस गरीब आहे हो. पण मशीनजवळ बसवू नका. आमचं फार नुकसान केलंय त्यानं.”

मालक म्हणाले, “म्हंजी नको म्हणताय?”

“नको,” मी म्हणालो.

त्यांनी माझे आभार मानले.