कढईकडं कान

फोनमधल्या बाईनं ‘डोळे मिटा, श्वासाकडं बघा’ म्हटलं आणि मी डोळे मिटले ते उकळत्या दुधाच्या कढईसमोर. तेव्हा मी नुकतीच आजी झाले होते. अक्कल मात्र नातवाएवढीच होती.

कढई शेजारच्या मामींची. एका वेळी एकच काम करणारी अशी बाई आख्ख्या परंडा तालुक्यात सापडायची नाही. मामींची खव्याची भट्टी आहे. खवा हलवताना त्या बोलत नाहीत. चहा पितात तो भिंतीकडं तोंड करून. माणसं दिसली की चव जाते म्हणे. एकदा निवडणुकीचा उमेदवार हात जोडून भट्टीपुढं आला, तर कढईवरची नजर न काढता म्हणाल्या, “तसंच थांबा. खवा उतरला की बघती तुमच्याकडं.” बिचारा पाऊण तास घाम पुसत उभा! मी याच्या उलट. भाजी चिरताना फोनवर बोलायची, बोलता बोलता सुनेला कामं सांगायची, आणि मन थाऱ्यावर नाही म्हणून त्याच फोनवर ध्यान शिकायची.

त्या दिवशी मामींची म्हैस व्यायला लागली आणि भट्टीवर लग्नघरच्या पेढ्यांचा खवा. पोटच्या लेकीलाही कधी न दिलेलं उलथणं त्यांनी माझ्या हातात दिलं. “हात थांबवू नगं,” एवढंच म्हणाल्या. मी हलवत होते, खरंच. पण श्वास खोल गेला तसा हात थांबला. करपल्याचा वास आला, तोही मी शांतपणे येऊ दिला. फोनमधल्या बाईनं सांगितलंच होतं, जे येईल ते येऊ द्या.

मामींनी चिमूटभर करपलेला खवा जिभेवर ठेवून सावकाश चघळला. लग्नघरी जाऊन “माझ्या हातनं करपला” असं सांगून आल्या.

लाजेनं मी चार दिवस तोंड लपवलं. पाचव्या दिवशी त्यांनीच हाक मारून भट्टीशी बसवलं. उलथणं दिलं नाही. मधेच, आपलाच नियम मोडून, विचारायच्या, “आता कढई काय म्हणतीया?” मला काय कळणार कपाळ! पण कान दिला तसं ऐकू यायला लागलं. आधी खळखळ, मग रटरट, मग घट्ट, चिकट फटफट. जन्मभर दूध तापवलं, ऐकलं कधीच नव्हतं. पुढं रोज जाऊन बसायची आणि त्यांनी विचारलं की कढईचा आवाज सांगायची सवयच लागली. वर्षं गेली, उलथणं काही माझ्या हाती आलं नाही.

परवा त्यांनी ते आपणहून पुढं केलं. मी ते दोन्ही हातांनी धरलं. म्हटलं, “मामी, तुम्हीबी ध्यान ठेवा हां, मला भ्या वाटतंय.”

मामी बाजेवर टेकल्या आणि म्हणाल्या, “मला वरीसभर झालं कढईचा आवाज येईना, पोरी. तू बसतीस म्हणून भट्टी पेटवती.”