केज ते दिंद्रुड: भरून ठेवलेली बादली

ऑक्टोबरात धारूरचा घाट बघावा, असं लोक सांगतात. मी तो बघायला निघालो नव्हतो. माझा मित्र सिद्धार्थ एप्रिलमध्ये हृदयविकाराच्या झटक्याने गेला. दिंद्रुडला त्याच्या आईला भेटायचं राहिलं होतं. अंत्यविधीच्या दिवशी निघालो होतो, पण धारूरहूनच परत फिरलो. कारण पोट.

ज्यांना असाच त्रास आहे त्यांच्यासाठी स्पष्ट लिहितो. अडीच वर्षांपूर्वी एका लग्नातल्या जेवणानंतर मला जुलाब लागले. तपासणीत जंतू सापडले. चार दिवस सलाईन, मग औषधं. जंतू गेले, जुलाब राहिले. पोटात कळ येते आणि पाच मिनिटांत संडास गाठावा लागतो. नंतरचे सगळे रिपोर्ट चांगले आले. डॉक्टर म्हणाले, "जंतू गेलेत, पण आतडं अजून बिथरलेलं आहे. काही जणांचं असं बरीच वर्षं राहतं. जिवाला धोका नाही."

मी केजच्या एका शाळेत लिपिक आहे. सिद्धार्थ तिथेच विज्ञान शिकवायचा. माझं हे दुखणं बायको सोडून फक्त त्याला माहीत होतं. कुणालाही सांगू नकोस, अशी शपथ मी त्याला घातली होती.

माझी प्रवासाची पद्धत एकच. आदल्या रात्रीपासून जेवायचं नाही आणि सकाळपासून पाणी प्यायचं नाही. त्या दिवशीही तसाच निघालो.

केजहून दिंद्रुडला थेट गाडी क्वचितच मिळते. धारूरला जीप बदलावी, तेलगावला पुन्हा. एसटी स्वस्त पडते, पण जीप हात केला की थांबते, म्हणून मी जीपच घेतो. धारूरच्या चौकात टोपल्यांतून सीताफळं मांडली होती, डोळे उघडलेली, हिरवी-पांढरी. पुढे घाट लागला आणि उपाशी असूनही कळ आलीच. मी ड्रायव्हरच्या खांद्याला हात लावला.

"आता कावून थांबवली बे?" मागून एक जण ओरडला.

"गप बस की बे," ड्रायव्हर म्हणाला. "मानूस हाय त्यो, डिझेलची टाकी न्हाई."

सगळे हसले. मी खाली मान घालून खडकामागे गेलो. समोर काय होतं ते पाहिलंच नाही.

दिंद्रुडला पोचलो तेव्हा बारा वाजले होते. सिद्धार्थचं घर बौद्ध वस्तीत, पत्र्याचं, पुढे लिंबाची सावली. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली सिद्धार्थचा, शाळेच्या ओळखपत्रावरचाच मोठा केलेला. त्याच्या आईने मला ओळखलं. तांब्या आणून पुढे ठेवला.

"पानी घ्या."

"नको आई, आत्ताच पिलो."

"जीपमंदी?"

त्या समोर बसल्या.

"मागं दोनदा आलतात तुमी. दोन्ही टायमाला आत्ताच पिलतात. जेवनबी आत्ताच झालतं."

मी फोटोकडे बघत राहिलो.

"आमी बारके व्हतो तवा लोक तोंडावर इटाळ म्हनायचे. आता शिकलेली मान्सं तहान न्हाई म्हनत्यात. येवढाच फरक पडला, सर."

आमचं घर जमीनवाल्या मराठ्यांचं. माझे आजोबा अशा वस्तीतलं पाणी पीत नसत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. तरी माझं 'नको' या घरात कसं ऐकू जात असेल, हे अडीच वर्षांत एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी फक्त माझ्या पोटाचा विचार करत होतो.

सांगायला फार जड गेलं. "आई, मला पोटाचा आजार आहे. खाल्लं-प्यायलं की संडासला लागते, थांबवता येत नाही. एकदा एसटीत कपडे खराब झाले. म्हणून बाहेर कुठेच काही घेत नाही. अंत्यविधीलाही त्यामुळेच पोचलो नाही."

त्या थोड्या पुढे सरकल्या. मग विचारलं, "सिद्धार्थला म्हाईत व्हतं?"

"त्यालाच माहीत होतं. मी शपथ घातली होती."

त्यांनी पदर तोंडाला लावला. "म्या त्याला लई बोलले. म्हनलं, कसला रं तुझा दोस्त, आपलं पानी चालत न्हाई त्याला. तर म्हनायचा, आई, त्यो तसला न्हाई. तेवढंच. म्या म्हनायची, मग कसला हाय सांग. तर उठून भायेर जायचा."

आम्ही दोघंही फोटोकडे बघत बसलो. रोज माझ्याशेजारी बसून डबा खाणारा माणूस. या भांडणातला एक शब्दही त्याने मला कळू दिला नव्हता.

त्या उठल्या. मागून हापशाचा आवाज आला. येऊन म्हणाल्या, "संडास मागल्या अंगाला हाय. बादली भरून ठिवलीय. कडी लागत न्हाई, पन म्या वाटंवर बसते, कुनी येनार न्हाई. आता प्या पानी."

मी तांब्याभर पाणी प्यालो. दहा मिनिटांत जावं लागलंच. बादली काठोकाठ भरलेली होती, शेजारी नवा साबण, कागद अर्धा काढलेला. बाहेर त्या पाठ करून बसल्या होत्या आणि कोंबड्यांना मोठ्याने रागावत होत्या, मला संकोच वाटू नये म्हणून. हात धुवून आलो तर म्हणाल्या, "भात मऊ टाकते. तिखट घालत न्हाई. उपाशी आलात तर पुन्यांदा दारात घेनार न्हाई."

मऊ भात आणि मुगाचं वरण पोटभर जेवलो.

परतीला घाटात पुन्हा कळ आली. या वेळी मी मोठ्याने म्हणालो, "भाऊ, संडासला जायचंय, थांबवा." कुणी हसलं नाही. खडकामागून परत येताना थांबून थोडा उभा राहिलो. खाली सगळा सपाट मुलूख, उसाचे हिरवे तुकडे, लांब उन्हात चमकणारं पाणी, आणि डोंगरउतारावर कुणी न लावलेली सीताफळीची झाडं, नजर पोचेल तिथवर. या रस्त्याने मी सिद्धार्थच्या मोटारसायकलवर मागे बसून दोनदा गेलो होतो. तो इथे गाडी थांबवायचा आणि दरीकडे बघत उभा राहायचा. मला वाटायचं, त्याला देखावा आवडतो. तो मला खडकामागे जायला न मागता वेळ देत होता, हे आज कळलं.

घरी येऊन आठ दिवस झाले. आजार आहे तसाच आहे. आईंनी दिलेली सीताफळं पिकली, मी अर्धं खाल्लं, त्रास झाला. जाणाऱ्यांनी घाट सकाळी गाठावा, ऊन पाठीवर राहतं. असा त्रास असेल तर ज्या घरी जाल तिथे आधी सांगा.

माझ्या एका गोष्टीसाठी सिद्धार्थने आपल्या आईचे बोल ऐकून घेतले. ती गोष्ट मी आज इथे सगळ्यांसमोर लिहिली. आता त्याला माझं काही राखायचं उरलेलं नाही.