नदीत न सोडलेला मासा

मी महाडच्या कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. सावित्री नदीत भोयांच्या जाळ्यांत खरखरीत काळा सकर मासा सापडू लागला, तेव्हापासून रविवारी गावोगाव जाऊन लोकांना त्याची ओळख करून देते. काच साफ ठेवावी म्हणून लोक हा मासा घरच्या टाकीत आणतात. तो मोठा झाला, जड झाला, की नदीत सोडतात. नदीत त्याची वीण वाढते, आपल्या माशांची अंडी तो खातो आणि त्याच्या काट्यांनी जाळी फाटतात.

बिरवाडीतल्या एका देवळाच्या मंडपात असंच बोलत होते. बरणीतला मेलेला मासा हातोहात फिरला. मागून कंपनीच्या गणवेशातल्या एका माणसानं विचारलं, "मॅडम, घरात असंल नि ठेवायचा नसंल, तर काय करायचा?"

"नदीत सोडायचा नाही. मारून पुरायचा," मी म्हणाले. हे उत्तर माझ्या तोंडात बसलेलं होतं.

सगळे पांगल्यावर तो माझ्यापाशी येऊन उभा राहिला. "आमच्याच्यानं मारायला व्हनार नाय. पोरीचा हाय तो."

पोर नऊ वर्षांची होती. पावसाळ्यात तापानं गेली. बायको आता कापड्याला, गावी राहायला जाणार होती. टाकी नेता येत नव्हती, म्हणून मासा नदीत सोडायचा, असं दोघांनी ठरवलं होतं.

मी त्याच्याबरोबर त्यांच्या खोलीवर गेले. सामान बांधून झालं होतं, फक्त टाकी होती तिथंच होती. काचेवर आतून तोंड चिकटवून तो हातभर मासा स्थिर राहिला होता. बाई त्याच्याकडे बघत बसली होती. मी का आलेय ते नवऱ्यानं सांगितल्यावर ती म्हणाली, "नदीचं एवढं पानी. एकल्या जीवानं काय व्हतंय? त्याला मोकळं करू दे मला."

तिच्यापुढे सभेतलं भाषण करणं मला जमेना. "माझ्याबरोबर नदीवर चला," म्हणाले, "मग तुम्ही ठरवा."

आम्ही तिघं रिक्षानं घाटावर गेलो. एक म्हातारी भोईण फाटलं जाळं घेऊन बसली होती. शेजारी सकर माशांचा ढीग पडला होता, त्यातले काही अजून तोंड हलवत होते. बाईनं खाली बसून एकाच्या पाठीवरून बोट फिरवलं.

"आमच्यातल्यावानीच हाय."

"त्याच जातीचा," मी म्हणाले.

"मंग ह्यो बी कुनीतरी आनून सोडला आसंल."

"हो. मायेनंच सोडला असेल."

तिनं भोईणीकडे बघितलं. भोईण म्हणाली, "बाय, पयला शिंगटा गावायचा, मरळ गावायची. आता ह्ये कोन खानार गो?"

बाई उठली, बोट पदराला पुसलं. मग नवऱ्याला म्हणाली, "मॅडमना देऊन टाका."

संध्याकाळी झाकणाच्या बादलीतून मी मासा कॉलेजच्या प्रयोगशाळेत नेला. तिथल्या टाकीत सोडला तेव्हा तो तळाला जाऊन कोपऱ्यात बसला. दोन दिवस त्यानं काही खाल्लं नाही. मग काकडीची चकती कुरतडली. मी फोन करून तसं कळवल्यावर पलीकडून नवरा फक्त "बरं झालं" म्हणाला.

दिवाळीच्या आसपास ती बाई एकटीच कॉलेजात आली. टाकीपुढे उभी राहिली.

"कितीक वर्सं जगतो ह्यो?"

"नीट ठेवला तर दहा, कधी पंधरासुद्धा."

"म्हंजे पोरीपरास जास्त," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी धरला. मी खुर्ची पुढे केली, ती बसली नाही. जाताना मला म्हणाली, "कापड्याला बोलायला या. तिथं बी तळ्यात लोक काय काय सोडतात."

गेले. भाताची कापणी झाली होती, त्यामुळे शाळेच्या ओट्यावर बरीच बायामाणसं जमली. मासा कसा ओळखायचा, का सोडायचा नाही, ते मी सांगितलं. मारण्याविषयी बोलायची वेळ आली तेव्हा ती उठली.

"मारवत नसंल त्यानं मॅडमकडं द्या," ती म्हणाली. "मी दिला. नदीत नका सोडू."

गावाला तिचं दुःख ठाऊक होतं.

आता प्रयोगशाळेत पाच टाक्या आहेत. कुणी मासा आणला, की तो कुणाचा, का आणला, हे मी विचारत नाही. बादली हातात घेते आणि आलेल्या माणसाला पाणी देते.