कापसाचे बोळे

माझा मोठा मुलगा अडीच वर्षांचा झाला तरी एक शब्द बोलत नव्हता. हवं ते बोटाने दाखवायचा आणि नाही मिळालं की जमिनीवर लोळायचा. साठ सालच्या आसपासची गोष्ट, आम्ही तेव्हा मारेगावला राहत होतो. ज्याला त्याला माझ्या पोराची जीभ पाहायची भारी हौस. सासूबाई रोज मधात वेखंड उगाळून चाटवत. शेजारच्या चाचींनी तर त्यांच्या पोपटाने चोच मारलेला पेरू आणून दिला. म्हणाल्या, "इसका जूठा खिलाओ बेटी, बोलने लगेगा." पोराने मिटक्या मारत पेरू खाल्ला आणि आणखी एक हवा म्हणून बोट दाखवलं.

ऐकू येतं ना त्याला, असं कुणी विचारलं की मी भडकायचे. सासूबाई लगेच त्याच्या मागे उभ्या राहून पितळी थाळी बडवत. तो झटकन वळे. "पाह्य न, कान चांगलेच हायेत त्याचे," त्या म्हणत. पण एक दिवस विहिरीवर कुणीतरी त्याला मुका म्हटलं आणि माझं डोकंच फिरलं. भरलेली घागर तिथेच टाकून घरी आले आणि यांना बजावलं, उद्या यवतमाळला जायचं, रजा मिळो न मिळो.

तिथले डॉक्टर उतारवयाचे होते. त्यांनी आधी पोराशी खेळ मांडला. खिडकीबाहेरचा बैल त्याने त्यांना बोटाने दाखवला, तसे म्हणाले, "पोरगा हुशार आहे."

"साहेब, जीभ पाहा ना," मी मध्येच बोलले.

"जीभ कुठं पळून नाही जात, बाई." मग ते त्याच्या मागे गेले आणि साध्या आवाजात म्हणाले, "बाळ, इकडे पाह्य." पोरगा ढिम्म.

"थाळी वाजवा, थाळीला वळतो तो," मी घाईघाईने सांगितलं.

"घरात तुम्ही थाळी वाजवून बोलता का?"

त्यांनी बत्ती धरून त्याचा कान पाहिला आणि विचारलं, "कानात काय घालता?"

मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, रोज न्हाऊ घातल्यावर कोमट तेल आणि वारा लागू नये म्हणून वर कापसाचा बोळा. कापसाला आमच्याकडे काय तोटा!

"आणि बोळा काढता केव्हा?"

"पडून जातो ना तो."

सगळे पडले नव्हते. यांनी पोराचं डोकं धरलं, मी हात धरले, आणि चिमट्याला काळा, चिकट गोळा लागून आला. त्याच्यामागे दुसरा. दुसऱ्या कानातही तेच. लोकांवर चिडून मी इतकी भांडले होते, आणि पोराचे कान मीच माझ्या हातांनी बुजवले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

डॉक्टर पुन्हा मागे गेले. "बाळ, इकडे पाह्य." आवाज तोच, मघाचाच. पोराचं रडणं अर्ध्यात थांबलं आणि तो वळला. मी डॉक्टरांसमोरच हसायला आणि रडायला लागले. "आता त्याच्याशी बोलत राहा," ते म्हणाले, "शब्द यायला वेळ लागेल."

परतताना एसटीत मी त्याच्या मागून हळूच "बाळ, बाळ" करत राहिले. तो दर खेपेला वळे. कंडक्टरने घंटी मारली तरी वळे. हे म्हणाले, "पुरे आता, मान दुखेल त्याची." मी कुठली ऐकतेय!

दीड महिन्याने एका सकाळी पाय चोळायला म्हणून मी तेलाची वाटी घेऊन न्हाणीत गेले. त्याने वाटी पाहिली, दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले आणि म्हणाला, "नोको."

सासूबाई ओल्या हातांनी धावत आल्या. "काय म्हणे? काय म्हणे तो?" मी वाटी पुन्हा पुढे केली. "नोको!" आयुष्यात कुणाच्या होकाराने मला इतका आनंद झाला नाही. मग सासूबाईंनी वाटी धरली, मग पुन्हा मी. शेवटी वैतागून त्याने ती उलथून दिली. तेल सगळ्या न्हाणीभर झालं आणि आम्ही दोघी त्यातच बसून राहिलो.